वीज न लागणारी डबी

मी कवी माणूस, बी.ए. झालेला, विजेचं शास्त्र माझं नव्हे. पण घरच्या हाय-फायमधला प्रीअँप्लिफायर बाजूला काढून मी एक साधी डबी जोडली, आणि ती समजून घेतली. तिला पॅसिव्ह प्रीअँप्लिफायर म्हणतात. आत फक्त एक निवडीचा स्विच आणि आवाजाचा पोटेन्शिओमीटर. ना ट्रान्झिस्टर, ना विजेची वायर.

मग ती चालते कशी? सीडी प्लेअर साधारण २ व्होल्ट देतो. बहुतेक पॉवर अँप्लिफायरना पूर्ण ताकदीसाठी एक-दीड व्होल्ट पुरतो. म्हणजे इथे वाढवायचं काही नसतं. कमीच करायचं असतं. मधलं यंत्र गेलं, त्याची सरसरही गेली.

पथ्यं मात्र आहेत. पोटेन्शिओमीटर १० किलोओहमचा घ्यावा, पॉवर अँप्लिफायरचा इनपुट इम्पीडन्स ४७ किलोओहमच्या आसपास असावा आणि दोघांमधली वायर मीटरभरच ठेवावी. वायर फार लांबली की तिचा कपॅसिटन्स वाढतो आणि झांजेचा झणत्कार मंदावतो. रेकॉर्ड प्लेअरच्या मूव्हिंग मॅग्नेट कार्ट्रिजमधून तर जेमतेम ५ मिलिव्होल्ट येतात. त्याला वेगळा फोनो स्टेज हवाच.

माझ्याकडे अम्मीच्या आवाजाची एक कॅसेट आहे, फार हळू भरलेली. ती लावली, बटण शेवटपर्यंत फिरवलं. तरी आवाज पुटपुटण्याइतकाच. कमी असलेलं ही डबी वाढवून देत नाही. म्हणून जुना प्रीअँप्लिफायर मी टाकला नाही. त्या कॅसेटपुरता तो जोडतो. सरसरीसकट का होईना, अम्मी ऐकू येते.