फिल्म आणि डिजिटल छायाचित्रण : वाद, कौशल्याची देवाणघेवाण आणि बीड जिल्ह्यातील छायाचित्रांचे जतन

प्रस्तावना :
फिल्म श्रेष्ठ की डिजिटल, हा वाद छायाचित्रकारांमध्ये दोन दशकांहून अधिक काळ चालू आहे. या वादात चित्राच्या दर्जाची चर्चा अधिक होते. कौशल्य कसे पुढे जाते आणि चित्र किती काळ टिकते, हे प्रश्न मागे पडतात. प्रस्तुत लेखात बीड जिल्ह्याच्या संदर्भात या दोन प्रश्नांचा विचार केला आहे.

तांत्रिक भेद :
फिल्मवर जिलेटिनच्या थरात सिल्व्हर हॅलाइडचे सूक्ष्म स्फटिक असतात. प्रकाशाने त्यांवर सुप्त प्रतिमा उमटते. डेव्हलपरमुळे ती दृश्य होते व हायपोमुळे स्थिर होते. डिजिटल कॅमेऱ्यातील सेन्सर प्रकाशाचे विद्युत संकेतांत रूपांतर करतो व ते संकेत अंकांत साठविले जातात. ईस्टमन कोडॅक कंपनीतील अभियंता स्टीव्हन सॅसन यांनी १९७५ मध्ये असा कॅमेरा तयार केला. पुढे फिल्मची मागणी घटली आणि २०१२ मध्ये याच कंपनीला दिवाळखोरीच्या कायद्याचे संरक्षण घ्यावे लागले.

या भेदाचा व्यवहारातील परिणाम बीडच्या उन्हात स्पष्ट होतो. वैशाखातील भरदुपारच्या लग्नात पांढरा फेटा आणि त्याच्या सावलीतील चेहरा एकाच चित्रात येतात. निगेटिव्ह फिल्म जादा प्रकाश बराच सहन करते. प्रकाश कमी पडल्यास मात्र सावलीतील तपशील नाहीसा होतो. डिजिटलमध्ये याउलट, फेट्यावर प्रकाश मर्यादेबाहेर गेल्यास तेथील तपशील परत मिळत नाही. काळवंडलेला चेहरा मात्र काही प्रमाणात उजळता येतो. म्हणून फिल्मवर घडलेल्या छायाचित्रकारास प्रकाशमापनाची सवय बदलावी लागली. प्रकाश ओळखण्याची त्याची नजर मात्र दोन्हीकडे उपयोगी पडते.

कौशल्याची देवाणघेवाण :
महाराष्ट्रात छायाचित्रणज्ञानाच्या देवाणघेवाणीची परंपरा जुनी आहे. मुंबईत १८५४ मध्ये फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली आणि तिचे नियतकालिकही निघाले. डॉ. नारायण दाजी हे या संस्थेशी संबंधित होते. तथापि, तालुक्याच्या गावी ही विद्या बहुधा स्टुडिओच्या डार्करूममध्ये, उस्तादाच्या हाताखाली शिकली जाई. ३६ चित्रांच्या रोलमधील चूक धुलाईनंतरच कळे आणि तिची किंमत मोजावी लागे. डिजिटल चित्र तत्काळ दिसते. शिवाय शटरचा वेग व छिद्रमान यांची नोंद फाइलमध्येच राहते. त्यामुळे अनुभव इतरांस सांगणे सोपे झाले. परंतु ही नोंद केवळ आकडे देते; ते का निवडले, हे छायाचित्रकारानेच सांगावे लागते.

जतनाचा प्रश्न :
बीड जिल्हा पूर्वी हैदराबाद संस्थानात होता. निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ यांच्या अडीच हजारांहून अधिक काचेच्या निगेटिव्ह आज नवी दिल्लीच्या इंदिरा गांधी राष्ट्रीय कला केंद्रात आहेत. त्यांना संस्थेचा आधार मिळाला. अंबाजोगाई, परळी, गेवराई यांसारख्या गावांतील स्टुडिओंच्या निगेटिव्हना असा आधार सहजासहजी मिळत नाही. उष्णता व दमटपणामुळे ॲसिटेट फिल्म आंबट वास सोडून आक्रसते, तर रंगीत फिल्मचे रंग फिके पडतात. ऊसतोडीसाठी दरवर्षी घर सोडणाऱ्या कुटुंबाकडील लग्नाचा फोटो हरवला, तर स्टुडिओतील निगेटिव्ह हाच त्याचा शेवटचा आधार उरतो. डिजिटल फाइलही निर्धोक नाही. हार्ड डिस्क बिघडल्यास किंवा मोबाईल हरवल्यास सर्व संग्रह एकदम जाऊ शकतो.

निष्कर्ष :
१) फिल्म व डिजिटल यांतील निवड कामाचे प्रयोजन, खर्च व जतनाची सोय पाहून करणे योग्य ठरते.
२) जुन्या छायाचित्रकारांचे डार्करूममधील ज्ञान मुलाखतींद्वारे नोंदविणे निकडीचे आहे.
३) महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी स्टुडिओचालकांच्या व संबंधित कुटुंबांच्या संमतीने निगेटिव्हची सूची करून त्यांच्या डिजिटल प्रती घ्याव्यात. मूळ निगेटिव्ह थंड व कोरड्या जागी ठेवाव्यात आणि डिजिटल प्रती किमान दोन ठिकाणी असाव्यात.

डिजिटल तंत्राने फिल्मची जागा घेतली असली, तरी जिल्ह्यातील फिल्मवरचा ठेवा वाचविण्याचे साधनही तेच आहे. हे काम जुने छायाचित्रकार हयात असतानाच होणे आवश्यक आहे. कारण निगेटिव्हवरील व्यक्ती, गाव व प्रसंग ओळखून सांगणारे तेच आहेत.