भिंत वाळेपर्यंत

नवरात्र संपले की वसई-विरारमध्ये रंगारी मिळेनासे होतात. वसई रोडपासून विरारपर्यंत जवळजवळ प्रत्येक इमारतीत एखाद्या घरात तरी पुट्टी घासल्याची पांढरी धूळ उडत असते, आणि वसुबारसेच्या आत काम उरकायचे म्हणून एक हात पुरता सुकण्याआधी दुसरा मारला जातो. दिवाळी अंकात घरसजावटीवर लिहिताना या घाईविरुद्ध बोलणे अनेकांना रुचणार नाही. तरीही माझे म्हणणे तेच आहे: या पट्ट्यात दिवाळीच्या तोंडावर भिंती रंगवू नयेत. पाणी घरात कुठून येते, कुठे मुरते आणि कुठून बाहेर पडते, यावरून इथल्या सजावटीचा क्रम ठरवावा. रंग, फर्निचर, छत आणि दिवे यांचा विचार त्यानंतर करावा. घरसजावटीची बहुतेक मासिके आणि दुकानांतले कॅटलॉग हा क्रम नेमका उलटा शिकवतात. ते कोरड्या हवेतल्या घरांचे फोटो दाखवतात आणि आपण ती घरे खाडीकाठी उभारायला जातो.

वसई-विरारचा नकाशाच पाण्याने आखलेला आहे. पश्चिमेला अरबी समुद्र, दक्षिणेला वसईची खाडी, उत्तरेला वैतरणा आणि पूर्वेला तुंगारेश्वरचा डोंगर. डोंगरावर पडलेले पाणी खाडीकडे निघते, आणि त्याच्या वाटेवरच्या भातखाचरांत, मिठागरांच्या आसपास आता वसाहती उभ्या आहेत. जुलै २०१८ मध्ये नालासोपाऱ्याला रेल्वेचे रूळ पाण्याखाली गेले, लोकल थांबल्या, अनेक भागांत वीजही गेली, हे इथल्या कोणालाच सांगायला नको. पण पूर न येणाऱ्या वर्षीही दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस चार महिन्यांत कोसळतो, आणि तो वाऱ्याबरोबर नैऋत्येकडून तिरका येतो. सहा इंची बाहेरची भिंत हे पाणी झपाट्याने पिते आणि फार सावकाश सोडते. हवामान खात्याच्या हिशेबाने मुंबई परिसरातून मोसमी पाऊस साधारण ८ ऑक्टोबरला माघार घेतो. दिवाळी कधी ऑक्टोबरच्या मध्याला येते, कधी नोव्हेंबरच्या. म्हणजे चार महिने भिजलेल्या भिंतीला वाळायला दीड आठवडा मिळतो, फार तर चार-पाच आठवडे. तेवढ्यात तिच्यावर पुट्टी आणि प्लॅस्टिक रंगाचा पापुद्रा चढतो, आतले पाणी आतच कोंडते, आणि बाहेर पडताना विटा-सिमेंटमधला खार बरोबर घेऊन येते. हा खार रंगाच्या पाठीमागे फुलतो आणि रंगाला ढकलून देतो. पुढच्या पावसाळ्यात पोपडे पडले की दोष रंगाच्या कंपनीवर जातो, रंगाऱ्यावर जातो. तारखेवर कोणी ठेवत नाही.

यावर पहिला आक्षेप परंपरेचा असतो. आजी-आजोबा दिवाळीपूर्वीच घराला सफेदी काढत, मग त्यांचे कसे निभावले? निभावले, कारण ते चुना लावत. विरलेला चुना भिंतीची छिद्रे बुजवत नाही, त्यामुळे आतली वाफ त्यातून बाहेर जाते. शिवाय तो इतका अल्कधर्मी असतो की ताज्या चुन्यावर बुरशीचा पाय ठरत नाही. वसईच्या वाड्यांमधल्या जुन्या कौलारू घरांच्या भिंतींवर थेट पाऊसही फारसा पडत नसे. पुढे आलेली वळचण आणि रुंद ओसरी तो अंगावर घेत. ती घरे, तो चुना आणि तो मुहूर्त यांचा एकमेकांशी मेळ होता. आपण मुहूर्त तेवढा ठेवला, चुना आणि ओसरी मात्र गेली. प्लॅस्टिक इमल्शन वाईट नाही, त्याला कोरडी भिंत लागते एवढेच, आणि ती इथे फेब्रुवारी ते एप्रिलच्या दरम्यान मिळते. त्या दिवसांत रंगारीही मोकळे असतात, दोन हातांमध्ये पुरेसा वेळ देतात, दरातही घासाघीस चालते. नवा गिलावा केला असेल तर त्यालाही किमान महिनाभर द्यायला हवा, आणि दिवाळीच्या घाईत तो महिना कुठून आणायचा?

मग दिवाळीपूर्वी करायचे काय? भिंत तपासायची. ओलीच्या खुणा ऑक्टोबरइतक्या स्पष्ट पुन्हा वर्षभर दिसणार नाहीत. स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल हातभर कापा, संशय असलेल्या जागी चारही कडा चिकटपट्टीने घट्ट बसवा आणि एक-दोन दिवस तशीच ठेवा. काढल्यावर भिंतीकडच्या बाजूला दमटपणा असेल तर पाणी भिंतीतून येते आहे; खोलीकडच्या बाजूला असेल तर खोलीतली हवा कोंदट आहे. दोन्हींचे उपाय अगदी वेगळे आहेत, आणि हा फरक न कळल्यामुळे लोक आतून महागडे वॉटरप्रूफ रंग मारत राहतात. बाहेरून येणाऱ्या पाण्याला आतून अडवले की ते वाट बदलते, थांबत नाही. पश्चिमेच्या भिंतीवर बाहेरून चिरा पाहाव्यात, छज्ज्याच्या खालच्या कडेची खाच सिमेंटने बुजली आहे का पाहावे, कारण त्या खाचेमुळेच पाण्याचे थेंब भिंतीकडे न वळता खाली पडतात. सरकत्या खिडकीच्या पट्टीत पाणी बाहेर जाण्यासाठी बारीक भोके असतात. ती धूळ आणि रंगाने बंद झाली की पट्टी भरते आणि पाणी खिडकीखालच्या भिंतीत उतरते. झाडूच्या काडीने ती मोकळी करायला पाच मिनिटे लागतात. याहून स्वस्त दुरुस्ती घरात दुसरी नसेल.

बाल्कनीबद्दल मात्र थोडे सविस्तर बोलले पाहिजे. आपल्याकडे ताबा मिळाला की बाल्कनी हॉलमध्ये घ्यायची ही जवळजवळ रीतच झाली आहे. जागा लहान असते, त्यामुळे मोह समजण्यासारखा आहे. पण बाल्कनी म्हणजे ओसरीचाच उरलेला तुकडा. हॉलच्या भिंतीऐवजी पाऊस ती झेलत होती. तिची फरशी बाहेरच्या बाजूला उतार देऊन टाकलेली असते आणि खोलीशी एक उंबरा असतो. उंबरा तोडून पातळी एक केली, पुढे काच लावली, की पावसाचा मारा थेट बैठकीच्या खोलीवर येतो, आणि टीव्हीचे कपाट नेमके तिथेच बसवलेले असते. पंचवीस-तीस चौरस फूट मिळवताना वर्षातले चार महिने ओल विकत घेतली जाते. बाल्कनी तशीच राहू द्यावी, तिथे कपडे वाळत घालावेत, असे मी म्हणेन. कपडे आत वाळवले तर एका वेळच्या धुण्यातून लिटर-दोन लिटर पाणी घरातल्या हवेत मिसळते.

दुसरा आक्षेप असा की गळती सोसायटीची आणि भोगायचे आम्ही, मग तिच्यावर खर्च का करायचा? प्रश्न रास्त आहे, पण त्याचे उत्तर कागदावर लिहिलेले आहे. आदर्श उपविधींनुसार गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि सामाईक नळ-गटारांची गळती दुरुस्त करणे हे सोसायटीचे काम आहे. सभासदाच्या स्वतःच्या न्हाणीघरातली गळती त्याची. इमारत नवी असेल तर रेरा कायद्याच्या कलम १४ प्रमाणे ताबा मिळाल्यापासून पाच वर्षांत दिसलेला बांधकामाचा दोष विकासकाने फुकट, ३० दिवसांत दुरुस्त करून द्यायचा आहे. ही पाच वर्षे आपण रंगाखाली झाकून घालवतो. डाग दिसला की तारखेसह फोटो काढून लेखी कळवावे आणि पोच घ्यावी. पुट्टी भरल्यावर पुरावाही भरला जातो.

हवेचा प्रश्न इथल्या जगण्याशी बांधलेला आहे. चर्चगेट विरारपासून साठ किलोमीटर. दोघेही नोकरी करणाऱ्या घराला सकाळी सातला कुलूप लागते ते रात्री आठ-नऊला उघडते, आणि पावसाळ्यात तेवढा वेळ सगळ्या खिडक्या बंद असतात. अशा घरात भिंतीला चिकटवून बसवलेले छतापर्यंतचे कपाट म्हणजे बुरशीला दिलेली स्वतंत्र खोली. बाहेरच्या, विशेषतः पश्चिमेच्या, भिंतीवर कपाट घेऊच नये. आतल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर घ्यावे. नाइलाज असेल तर मागे दोन इंच जागा सोडावी आणि खाली-वर हवेला वाट ठेवावी. मोरी आणि ओट्याखालच्या कपाटांना एमडीएफ किंवा भुशाचा बोर्ड वापरू नये. पाणी लागले की तो फुगतो आणि पुन्हा जागेवर येत नाही. तिथे आयएस ७१० ची खूण असलेला मरीन प्लाय घ्यावा, आणि सुताराने कापलेल्या कडा उघड्या ठेवल्या नाहीत ना हे सनमायका चढण्यापूर्वी स्वतः पाहावे, कारण पाणी कडेतूनच शिरते. बजेट कमी असेल तर कडाप्प्याचे खण आणि वर साधे पडदे हा उपाय शोभतोही आणि टिकतोही. तळमजल्यावर राहणाऱ्यांनी खालचे दोन फूट पाण्यासाठीच सोडलेले बरे: प्लग वर, फ्रिज उंच चौथऱ्यावर, पलंग लोखंडी पायांचा आणि पेटी नसलेला.

आता फॉल्स सीलिंग. घर ‘डिझायनर’ दिसावे म्हणून त्यावर सर्वांत आधी खर्च होतो, आणि माझा सर्वांत जास्त विरोध त्यालाच आहे. छताचा डाग हा इमारतीचा आपल्याशी होणारा एकमेव संवाद असतो. स्लॅबमधल्या सळईला पाणी लागले की ती गंजते, गंज मूळ लोखंडाच्या दुपटीहून अधिक जागा घेतो, त्या दाबाने काँक्रीटला सळईच्या रेषेत चीर जाते आणि मग ढलप्या सुटतात. हे सगळे पीओपीच्या वर घडत राहिले तर खाली बसलेल्याला दिसणार कसे? न्हाणीघरावरच्या माळ्यावर पाण्याची टाकी ठेवणाऱ्या घरांत तर ही दक्षता दुप्पट हवी. टँकरच्या भरवशावर जगणाऱ्यांना साठवण सोडा असे सांगता येणार नाही, पण ५०० लिटरची भरलेली टाकी म्हणजे अर्धा टन वजन, आणि माळ्याची पातळ फळी त्यासाठी बांधलेली नसते. दोन छोट्या टाक्या जमिनीवर ठेवणे अधिक शहाणपणाचे.

ऑगस्ट २०२५ मध्ये विरार पूर्वेला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळून १७ जणांचा जीव गेला. त्याच वर्षाच्या सुरुवातीला नालासोपारा पूर्वेच्या अनधिकृत इमारती उच्च न्यायालयाच्या आदेशावरून पाडल्या जात होत्या. त्यांच्याही भिंती रंगवलेल्या होत्या, ओटेही सजवलेले होते. त्या कुटुंबांचे दुःख सजावटीच्या लेखात आणताना मला संकोच वाटतो. तरी खर्चाचा क्रम याहून स्पष्ट दुसरे काही सांगत नाही. आधी भोगवटा प्रमाणपत्र आणि मंजूर नकाशा, मग इमारतीची प्रकृती, मग ओल, आणि उरलेल्या पैशांत शोभा. ३० वर्षांहून जुन्या इमारतीचे संरचनात्मक परीक्षण कायद्यानेच बंधनकारक आहे. त्याचा अहवाल सभेत मागायला लाजू नये.

‘मग सणाला घर भकास ठेवायचे का?’ हा आक्षेप मला सर्वांत जवळचा वाटतो. सुंदर घराची हौस ही चैन नाही. तीनशे चौरस फुटांत चौघे राहतात तेव्हा तर ती गरजच असते. पण लहान घर सुंदर होते ते मोकळ्या जमिनीने आणि उजेडाने. माळ्यावरचे बंद पडलेले सामान काढा, खिडकीसमोरचे कपाट हलवा, जाळ्या धुवा, जाड पडद्यांच्या जागी पातळ सुती पडदे लावा. छताच्या मधोमध एकच पांढरा झगझगीत दिवा असेल तर त्याऐवजी कोपऱ्यांत दोन पिवळसर दिवे लावा; त्यात भिंतीचे डागही कमी डोळ्यांत भरतात. पोपडे धरलेली जागा खरवडून ब्रशने खार झाडून तशीच उघडी ठेवा, म्हणजे ती वाळत राहील. फार खुपत असेल तर भिंतीपासून बोटभर पुढे बांबूची चटई किंवा साडी टांगा.

घर विकायला काढणाऱ्यांना हाच विचार व्यवहारातही उपयोगी पडतो. गिऱ्हाईक येण्याआधी दलाल ‘एक हात मारून घ्या’ असा सल्ला देतात. पण मुद्रांक शुल्काचा आधार असलेला रेडी रेकनर क्षेत्रफळ आणि जागा पाहतो, बँकेचे मूल्यांकनही प्रामुख्याने त्यावरच चालते. पीओपीचे पैसे क्वचितच परत मिळतात. ताज्या रंगाचा वास आला की जाणता खरेदीदार उलट जास्त बारकाईने पाहतो. शिवाय मालमत्ता हस्तांतरण कायदा, १८८२ च्या कलम ५५ नुसार, सहज न दिसणारा आणि विक्रेत्याला माहीत असलेला महत्त्वाचा दोष खरेदीदाराला सांगणे विक्रेत्यावर बंधनकारक आहे. गळती दुरुस्त करून त्याची बिले, सोसायटीशी झालेला पत्रव्यवहार आणि परीक्षण अहवाल फाइलमध्ये ठेवावेत, घर रिकामे आणि धुतलेले दाखवावे, आणि भाव त्या फाइलवर सांगावा. घेणाऱ्याने मात्र दिवाळीच्या सुट्टीत घर पसंत केले तरी टोकन देण्याआधी कपाट हलवून पश्चिमेची भिंत हाताने चाचपावी, वरच्या आणि खालच्या मजल्यावरच्यांशी बोलावे, आणि सवड असेल तर व्यवहार पुढच्या जुलैपर्यंत थांबवून, दोन दिवस सलग पाऊस झाल्यावर पुन्हा एकदा घर पाहून यावे.