नारळाच्या दुधातला आयरिश पाव

सँट्री हे डब्लिन शहराच्या उत्तरेचे उपनगर. विमानतळ येथून हाकेच्या अंतरावर. सगळ्या आयर्लंड देशात 2022 च्या जनगणनेत ज्यू लोक जेमतेम 2,200 भरले, आणि त्यांची जुनी वस्ती शहराच्या दक्षिणेला, लिफी नदीपलीकडे, आधी पोर्टोबेलो आणि पुढे तेरेन्युर या भागांत. सँट्रीहून तेरेन्युर म्हणजे दहा-बारा किलोमीटर. शब्बाथला वाहनात बसायचे नाही, आणि सत्तरी ओलांडलेले गुडघे इतके चालू देत नाहीत. म्हणून लेकीकडे राहायला आल्यापासून आम्हां दोघांचा शब्बाथ घरातच होतो.

देश आपल्याला अगदीच परका नाही. इस्राएलचे सहावे राष्ट्राध्यक्ष हाईम हर्झोग यांचा जन्म 1918 चा, बेलफास्टचा. लहानाचे मोठे झाले ते डब्लिनमध्ये. त्यांचे वडील रब्बी इझाक हर्झोग येथले मुख्य रब्बी होते. पोर्टोबेलोच्या लेनॉक्स स्ट्रीटवर 1870 पासूनची ब्रेत्झेल बेकरी आजही आहे. पण बेकरी असली तरी दर शुक्रवारी शहराच्या त्या टोकाला कोण जाणार?

सिनेगॉगशिवाय शब्बाथ म्हणजे अर्धामुर्धा शब्बाथ, असे पुष्कळांना वाटते. आम्हांला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण आपल्याच इतिहासात आहे. सामाजी हसाजी दिवेकर यांनी मुंबईत आपले पहिले सिनेगॉग बांधले ते 1796 साली. अलिबागचे 1848 चे, पनवेलचे 1849 चे. त्याआधी नवगाव, रेवदंडा, पेण या बाजूच्या गावांत आपले लोक पिढ्यान्‌पिढ्या राहिले ते कशाच्या आधारावर? शनिवारी घाणा बंद, ओठांवर शेमा, आणि चुलीवरचे नियम. गावकऱ्यांनी 'शनिवार तेली' हे नाव दिले ते बंद घाणा पाहून. आपला धर्म घराने सांभाळला, आणि घरातही मुख्यतः स्वयंपाकघराने. तेव्हा म्हातारपणी काय धरून राहावे याचा विचार करताना आम्ही दोघांनी फार मोठे संकल्प सोडले नाहीत. आठवड्यातून एक वस्तू स्वतःच्या हाताने करायची, ती दुसऱ्या कोणाला तरी द्यायची, आणि शुक्रवारी दिवे लावण्याआधी भारतातल्या आणि इस्राएलमधल्या एकेका नातेवाइकाला फोन करायचा. हाताने करायची वस्तू म्हणजे पाव.

येथला घरगुती पाव सोड्याचा असतो. त्याला यीस्ट नको, तासन्‌तास फुगण्याची वाट पाहणे नको. आयर्लंडच्या दमट हवेत मऊ जातीचा गहू पिकतो. त्यात चिकटपणा कमी, म्हणून यीस्टचा पाव त्याचा नीट होत नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात खायचा सोडा बाजारात मिळू लागला, ताक तर घरोघरी होतेच. ताकातली आंबट आणि सोडा एकत्र आले की वायू सुटतो, तोच पाव फुगवतो. म्हणून पीठ भिजवले की लगेच ओव्हनमध्ये टाकायचे आणि मळायचे जवळजवळ नाहीच. संधिवाताच्या बोटांना याहून सोपा पाव आम्हांला माहीत नाही.

शेजारच्या आयरिश बाईंनी आम्हांला हा पाव शिकवला. त्या भिजवतात ताकात, आणि अडचण तेथेच आहे. दुधाच्या पदार्थात पावाचे पीठ भिजवायला आपल्याकडे मनाई आहे, कारण पाव सगळ्याच जेवणाला लागतो आणि चुकून मांसाबरोबर खाल्ला जाईल. सूट दोनच: पाव इतका थोडा करावा की एका जेवणाला संपेल, किंवा त्याचा आकार असा वेगळा ठेवावा की पाहताच ओळखावा. शुक्रवारी रात्री आमच्याकडे कोंबडीचा रस्सा असतो, म्हणजे ताकाचा पाव बादच.

येथे आपली आजी मदतीला येते. मटणात दही घालायचे नाही म्हणून तिने नारळाचे दूध घातले. नव्याच्या सणाला चिकाचा हलवा केला तोही नारळाच्या दुधात. मग पावाला तेच का चालू नये? सोड्याला हवी आंबट, ती लिंबाने मिळते. आमचे प्रमाण असे: 450 ग्रॅम पीठ, निम्मा मैदा आणि निम्मी कणीक, सपाट एक चहाचा चमचा सोडा, तेवढेच मीठ. डब्यातले नारळाचे दूध 150 मिलिलिटर घेऊन त्यात 200 मिलिलिटर पाणी घालावे आणि दोन मोठे चमचे लिंबाचा रस पिळावा. दूध फाटल्यासारखे दिसते, तिकडे लक्ष देऊ नये. सोडा पिठाबरोबर चाळून घ्यावा, नाहीतर पिवळे ठिपके राहतात आणि कडवट लागतात. मधोमध खळगा करून दूध ओतावे, हाताने एकदा गोळा करावे, दोन भाग करावेत. शब्बाथला मान्नाच्या आठवणीने दोन पाव लागतात, ते असे एकाच पिठात होतात. 200 अंशांवर पस्तीस मिनिटे. पालथा करून टिचकी मारल्यावर पोकळ आवाज आला की झाला.

साखर घालू नये, नारळाचे दूधही दाट घेऊ नये. पीठ गोड पदार्थासारखे झाले तर त्यावरची ब्राखा बदलते, मग हामोसी म्हणावी की नाही असा प्रश्न उभा राहतो. शंका असेल तर आपल्या रब्बींना विचारावे. हल्ला वेगळी काढण्याचे म्हणाल, तर अर्ध्या किलो पिठाला ती लागत नाही. ब्राखेसह काढण्यासाठी सुमारे 1,700 ग्रॅम पीठ धरतात, काही जण त्याहून जास्त.

शेजारीणबाई पावावर क्रूसासारख्या दोन चिरा देतात. त्यांच्याकडे गमतीने म्हणतात, चिरा दिल्या की आतल्या पऱ्या बाहेर पडतात. खरे कारण साधे आहे: पाव मध्ये जाड असतो, चिरेतून उष्णता आत पोचते. आम्ही तीन आडव्या चिरा देतो. पाव तसाच भाजला जातो, आणि आमच्या टेबलावर आम्हांला तेच बरे वाटते. त्यांना नेऊन देतो तो पावही तीन चिरांचाच असतो. त्या हसतात आणि लोणी लावून खातात.

ज्यांना रक्तदाब आहे त्यांनी एक लक्षात ठेवावे. मीठ कमी केले तरी सोड्यातही सोडियम असते, म्हणून हा पाव रोज खाण्याचा नाही. मधुमेह असेल त्यांना साखर नाही म्हणून मोकळीक मिळत नाही. पीठ ते पीठच.

वेळेचे मात्र येथे जपावे लागते. मुंबईत वर्षभर सूर्य सहा ते सव्वासातच्या दरम्यान मावळतो. डब्लिनला डिसेंबरात तो चारच्या सुमारास जातो, म्हणून हिवाळ्यात पीठ दुपारच्या जेवणाआधी भिजवतो. मग काळ्या मनुका भिजवून किद्दुशचे शरबत करतो, फोन होतात, दिवे लागतात. जूनमध्ये सूर्यास्त रात्री दहाच्या आसपास. तेव्हा पाव संध्याकाळी सावकाश केला तरी चालतो, भूक मात्र थांबत नाही.

हा पाव दुसऱ्या दिवशी कडक होतो. हिवाळ्यात हाव्दाला लवकर होते, तेव्हा उरलेला चुरून त्याच रात्री मोहरी, कढीलिंब, कांदा घालून फोडणीला टाकतो. उन्हाळ्यात शब्बाथ संपेपर्यंत अकरा वाजून जातात, म्हणून ती फोडणी रविवारी सकाळी.