कोंबडी आपलेच अंडे का खाते?

परसातली कोंबडी आपलीच अंडी फोडून खाऊ लागली की मीठ-मिरचीचे चार पैसे बुडतात, आणि पुष्कळ घरांत ती थेट हंडीत जाते. आम्ही म्हणतो, जरा थांबा. ही खोड बहुधा अपघाताने लागते. पातळ कवचाचे अंडे पायाखाली फुटते, कोंबडी चोच लावते आणि चटावते. तिचे पाहून बाकीच्याही शिकतात.

तेव्हा आधी कवच पाहावे. एका कवचाला सुमारे 2 ग्रॅम कॅल्शियम लागते. नुसत्या कण्या-कोंड्यातून ते मिळत नाही. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या करवंटीत सदा ठेवावा, लागेल तेवढा ती खाते. अंड्याची टरफले द्यायची तर भाजून, बारीक कुटूनच; अख्खी टाकली तर तुम्हीच तिला अंडे खायला शिकवले! दाण्यात थोडा सुक्या मासळीचा कुटा असावा, पाणी संपू देऊ नये.

चार-पाच कोंबड्यांमागे अंधाऱ्या कोपऱ्यात एक खोके, त्यात जाड पेंढा. बहुतेक कोंबड्या सकाळीच अंडी घालतात; दहाच्या सुमारास एकदा व दुपारी पुन्हा ती उचलावीत.

तरीही थांबले नाही तर चोचीला बलक लागलेली कोंबडी हेरून निराळी कोंडावी. खोक्यात लाकडाचे अंडे ठेवून पाहावे. चोच मारून मारून काही कंटाळतात. जी कंटाळत नाही, ती मात्र खुशाल हंडीत घालावी.