जुना आकडा, ताजी दुरुस्ती

पुण्यात येरवड्यातल्या कॉमरझोन आयटी पार्कमध्ये किंवा शेजारच्या कल्याणीनगरात लिनक्स सर्व्हर सांभाळणाऱ्यांना हा प्रसंग चांगला ओळखीचा आहे. ऑडिटचा अहवाल येतो, त्यात लाल अक्षरांत ‘पॅकेज जुनं, नवं व्हर्जन टाका’ असं लिहिलेलं असतं. मग कोणीतरी मूळ प्रकल्पाच्या साइटवरून थेट फाइल उतरवतो आणि डिस्ट्रोचं पॅकेज बाजूला पडतं. बहुतेक वेळा हे चुकीचं पाऊल असतं.

कारण आकडा जुना असला तरी आतला कोड जुनाच असेल असं नाही. एप्रिल २०१४ मध्ये ओपनएसएसएलमधली ‘हार्टब्लीड’ ही त्रुटी उघडकीला आली. मूळ प्रकल्पाने दुरुस्त आवृत्ती दिली १.०.१जी. रेड हॅट आणि डेबियनने मात्र आपापल्या १.०.१ई मध्येच तेवढी दुरुस्ती बसवली. याला बॅकपोर्ट म्हणतात. सर्व्हरवर चालणारं बाकी काही बिघडू नये म्हणून हा खटाटोप. नुसता आकडा पाहणारा स्कॅनर ‘ई’ बघून धोक्याची घंटा वाजवतो. पॅकेजचा चेंजलॉग उघडला की सीव्हीई-२०१४-०१६० ही नोंद तिथे सापडते. ऑडिटरला उत्तर म्हणून हीच नोंद दाखवावी.

‘मूळ लेखकाकडून घेतलं म्हणजे शुद्ध’, हा दुसरा समज. मार्च २०२४ मध्ये एक्सझेड या कॉम्प्रेशन साधनाच्या प्रकरणाने तो मोडला. दोन-अडीच वर्षं काम करून विश्वास कमावलेल्या एका सहदेखभालकर्त्यानेच ५.६.० आणि ५.६.१ मध्ये चोरदरवाजा बसवला होता. तो चालू करणारा तुकडा गिटमध्ये नव्हताच, प्रकाशित केलेल्या टारबॉलमध्ये होता. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यांना एसएसएच लॉगिनला सुमारे अर्धा सेकंद जास्त लागतोय असं दिसलं आणि त्यांनी त्याचा माग काढला. इथे डिस्ट्रोंची बाजूही प्रामाणिकपणे सांगायला हवी. हा सापळा डेब आणि आरपीएम पॅकेजं बांधली जाताना उघडेल असाच रचला होता, आणि डेबियनच्या चाचणी शाखांपर्यंत व फेडोराच्या रॉहाइडपर्यंत तो पोहोचलाही. डेबियन स्टेबल आणि रेड हॅट एंटरप्राइझ मात्र वाचले. ज्या संथपणाबद्दल आपण कुरकुरतो, त्यानेच त्यांना वाचवलं.

याचा अर्थ डिस्ट्रो चुकत नाही असा मुळीच नाही. २००६ मध्ये डेबियनच्या एका बदलाने ओपनएसएसएलची यादृच्छिकताच जवळजवळ संपली. मे २००८ मध्ये ते लक्षात आलं तेव्हा कळलं की एका प्रकारच्या आणि लांबीच्या कीसाठी फक्त सुमारे ३३ हजार शक्यता उरल्या होत्या. पॅकेजवरची सही एवढंच सांगते की ते कुठून आलं आणि वाटेत बदललं नाही. आत काय आहे याची हमी ती देत नाही. शिवाय ‘ॲप्ट’ने बसलं म्हणून सगळंच उबुंटूचं होत नाही. जोडलेला पीपीए कोणाही व्यक्तीचा असू शकतो, आणि त्याची पॅकेजं रूटच्या अधिकाराने बसतात.

थेट उतरवणं कधीकधी गरजेचंच असतं. हवं ते सॉफ्टवेअर रेपोत नसतं. तेव्हा चेकसम जुळवून थांबू नये. २० फेब्रुवारी २०१६ ला लिनक्स मिंटच्या साइटवरची लिंकच हल्लेखोरांनी बदलली होती. ज्याच्या हाती साइट, तो शेजारी छापलेला चेकसमही बदलू शकतो. वेगळ्या वाटेने मिळवलेल्या कीने सही तपासणं हाच भरवशाचा उपाय.

साध्या फॉन्टलाही हेच लागू. २००४ मध्ये रेड हॅटने खुली केलेली लोहित ही फॉन्टमालिका पुढे पुण्यातल्या अभियंत्यांनी सांभाळली. कंपनीचं कार्यालय एके काळी कल्याणीनगरातच होतं. देवनागरी लोहित फेडोरा आणि डेबियनच्या रेपोत आहे. तरी लोक अनोळखी साइटवरून झिप उतरवतात. हाताने टाकलेल्या अशा गोष्टी नेहमीच्या अपडेटमध्ये येत नाहीत. त्या कुठल्या यंत्रावर, कुठल्या आवृत्तीत आहेत याची वही ठेवावी आणि मूळ प्रकल्पाच्या सुरक्षा-सूचनांचं सदस्यत्व घ्यावं. तेवढं जमणार नसेल तर रेपोतलंच घ्यावं.