फाशांवरील क्रीडांगण

मैदानी खेळाचा आनंद मोकळ्या हवेंत घाम गाळूनच घ्यावयाचा असतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. परंतु अमेरिकेंत असंख्य माणसें बेसबॉलचा सामना घरांतील मेजावर, कांहीं पत्ते व तीन फासे घेऊन खेळत आलीं आहेत. संगणकाचें युग आलें तरी ही आवड ओसरलेली नाहीं. असें या खेळांत आहे तरी काय?

१९४१ सालीं ईथन ॲलन या बेसबॉलपटूचा 'ऑल-स्टार बेसबॉल' हा खेळ बाजारांत आला. त्यांत प्रत्येक खेळाडूची एक वाटोळी चकती असे. तिच्या कडेवर त्या खेळाडूच्या खऱ्या कामगिरीच्या प्रमाणांत लहानमोठे भाग पाडलेले असत. मधला कांटा फिरवावयाचा व तो जेथें थांबेल तो निकाल मानावयाचा. पुढें १९५१ मध्यें डिक सायट्झ यांचा 'ॲपबा' व १९६१ मध्यें हॅल रिचमन यांचा 'स्ट्रॅट-ओ-मॅटिक' हे खेळ निघाले. रिचमन यांना आरंभीं धंदा जमेना. तेव्हां त्यांनीं वडिलांकडून कर्ज घेतलें, आणि अपयश आल्यास वडिलांच्या विमाव्यवसायांत शिरण्याचें कबूल केलें. तशी पाळी मात्र आली नाहीं.

स्ट्रॅट-ओ-मॅटिकची रचना सोपी, पण मार्मिक आहे. पहिल्या फाशावर १, २ वा ३ पडल्यास निकाल फलंदाजाच्या पत्त्यावर पाहावयाचा. ४, ५ वा ६ पडल्यास चेंडू फेकणाऱ्याच्या. तोच फासा पत्त्यावरील रकाना ठरवितो, आणि उरलेल्या दोन फाशांची बेरीज त्या रकान्यांतील ओळ दाखविते. दोन फाशांचीं ३६ दानें संभवतात. त्यांत सातांची बेरीज सहा प्रकारांनीं येते, दोनांची एकाच प्रकारानें. म्हणून कसलेल्या फलंदाजाचा जोरदार टोला सातांपुढें लिहिलेला असूं शकतो, दुबळ्याचा दोनांपुढें. सारीपाटावरील दान सर्व सोंगट्यांना सारखेंच चालविते. येथें मात्र एकच दान दोन खेळाडूंना दोन निराळीं फळें देतें. एखाददुसऱ्या सामन्यांत दैव कसेंहि वागो, शेंकडों दानांनंतर खेळाडूचा मूळ स्वभाव पत्त्यांतून प्रगट होतोच.

या खेळानें खऱ्या खेळाची उणीवहि भरून काढली आहे. १९८१ मध्यें खेळाडूंच्या संपामुळें मैदानें ओस पडलीं आणि क्लीव्हलंड येथें १४ जुलैस ठरलेला निवडक खेळाडूंचा सामना लांबणीवर पडला. त्या दिवशीं तेथील स्टेडियमवर तोच सामना फाशांनीं खेळण्यांत आला. २०२० मध्यें महासाथीनें हंगाम अडविला, तेव्हां स्ट्रॅट-ओ-मॅटिकनें संगणकाच्या साहाय्यानें रोजचे सामने खेळवून त्यांचे निकाल प्रसिद्ध केले.

तथापि खरें आकर्षण याहून खोल आहे. १९३५ सालीं निवृत्त झालेला बेब रूथ येथें कित्येक पिढ्यांनंतरच्या गोलंदाजापुढें उभा राहतो, आणि तोहि आपल्या गुणांसह व दोषांसह. त्याला केव्हां खेळवावें, केव्हां थांबवावें, हा निर्णय मात्र मेजाशीं बसलेल्याचा. निर्णय योग्य असूनहि दान उलटें पडूं शकतें, आणि चुकीचा निर्णय कधींकधीं सुदैवानें तरून जातो. निर्णय आणि फळ या दोन वस्तु भिन्न आहेत, ही गोष्ट व्यवहारांत माणसाला सहजासहजीं पटत नाहीं. या खेळांत ती संध्याकाळच्या दोन घटकांत, कोणाचेंहि नुकसान न होतां, पुनःपुन्हां पटत राहते.