विहिरीची वही



वणी-मारेगाव भागातील कोलाम पोडांविषयी या पत्रिकेत लिहिले की तुमच्यापैकी कोणीतरी विचारतेच, "विहिरी कोळशाच्या खाणीमुळेच आटतात कशावरून? उन्हाळा कुठे नाही?" प्रश्न रास्त आहे. खाणीचे अधिकारीही तोच विचारतात.

खुली खाण खोल जाता जाता भूजलाच्या पातळीखाली उतरते. मग चहूबाजूंचे पाणी खड्ड्यात झिरपते आणि ते रात्रंदिवस पंपाने उपसावे लागते. त्यामुळे खाणीभोवतीचे भूजल बशीसारखे खाली बसते. जवळच्या विहिरी लवकर आणि जास्त उतरतात, दूरच्या उशिरा आणि कमी. पाऊस कमी झाला तर मात्र जवळच्या आणि दूरच्या अशा दोन्ही विहिरी उतरतात. या फरकावरून कारण ओळखता येते. पण त्यासाठी मोजमाप हवे, आणि तेही खाण जवळ येण्याआधीपासूनचे.

मोजणे अवघड नाही. कठड्यावर रंगाची एक खूण करायची, वजन बांधलेली मोजपट्टी तिथूनच सोडायची आणि पाण्यापर्यंतच्या अंतरातून कठड्याची उंची वजा करायची. हे पहाटे, बायका पाणी शेंदायला येण्याआधी. महिने चार: जानेवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. खाणींच्या पर्यावरण मंजुरीपत्रांत साधारणपणे हेच महिने दिलेले असतात, त्यामुळे पोडाचे आकडे खाणीच्या आकड्यांशेजारी ठेवता येतात. तुलनेसाठी एक विहीर खाणीपासून लांबची घ्यावी.

मंजुरीपत्रांत आणखी एक अट बहुधा असते: खाणीच्या उपशाने गावच्या विहिरी आटल्या तर गावाची पाण्याची गरज खाणीने भागवावी. आमच्या एका पोडाने ही अट दाखवून पाणी मागितले. "आधी पातळी किती होती, नोंद आहे का?" एवढेच उत्तर मिळाले. नोंद नव्हती. म्हाताऱ्या बायकांना मात्र विहिरीच्या किती रिंगा पूर्वी मे महिन्यात उघड्या पडत आणि आता किती पडतात, हे बोटावर मोजून सांगता येत होते! ते कोणी लिहून घेतले नव्हते, म्हणून टेबलावर त्याला किंमत आली नाही. उत्पत्तीच्या 26व्या अध्यायात विहिरींवरून भांडण झाले तेव्हा इसहाक पुढे सरकून दुसरी विहीर खणू शकला. कोलामांना पुढे सरकायला जागा कुठे आहे?

नाल्याचे पाणी वेगळे तपासावे लागते. खाणीतले पाणी टाकीत निवळून मगच बाहेर सोडायचे असते. नाल्यात सोडताना तरंगता गाळ लिटरमागे 100 मिलिग्रॅमच्या आत आणि सामू 5.5 ते 9 असावा, असे मानक आहे. हे सोडण्याच्या पाण्याचे. पिण्याच्या पाण्याचा सामू 6.5 ते 8.5 लागतो. नमुने दोन घ्यावेत, खाणीचे पाणी मिळते त्या जागेच्या वरचा आणि खालचा. खालचा एकटा काही सिद्ध करत नाही. बाटली त्याच पाण्याने तीनदा विसळून भरावी आणि जागा, तारीख, वेळ लगेच लिहावी.

प्रयोगशाळेत सल्फेट अवश्य पाहायला सांगतो. कोळशाच्या थरांतील गंधकयुक्त खनिजाला हवा-पाणी लागले की आम्ल आणि सल्फेट तयार होते, म्हणून खालच्या नमुन्यात ते वाढलेले दिसले तर खाणीकडे बोट दाखवता येते. फ्लोराइडचे तसे नाही. यवतमाळ-चंद्रपूरकडे ते मुळात खडकातूनच पाण्यात येते. कार्यकर्ते उत्साहात त्याचेही खापर खाणीवर फोडतात. मला हे पटत नाही. तो एक मुद्दा खोडला गेला की आपले खरे आकडेही कोणी ऐकत नाही.

मे महिन्यापासून तीन पोडांवर वही सुरू झाली आहे. एका पोडावर ती नववी शिकलेली कोलाम मुलगी ठेवते. तिचे अक्षर माझ्यापेक्षा चांगले आहे. वहीच्या प्रत्येक पानावर ती दोन शेजाऱ्यांच्या सह्या किंवा अंगठे घेते आणि प्रत ग्रामपंचायतीत देऊन पोच घेते. ऑगस्टची फेरी चिखलातून करायची आहे, त्यासाठी प्रार्थना करा. तुमच्या मंडळीत पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत काम केलेले कोणी असेल तर कळवा. आणि 30 मीटरच्या दोन मोजपट्ट्या हव्या आहेत.